आजचे पाणी

विहिरीतून निघालं ते समीक्षाने चिऱ्यांच्या कठड्यालगत ओळीने मांडलं. झेंडूचे सडलेले हार, अकरा. नुसता दोरा उरलेला आणि फुलं विरघळून गेलेली, असे आणखी चार. पुष्पचक्रं दोन, त्यांचे बांबूचे सांगाडे काळे पडलेले. नारळ सहा, त्यातल्या एकाला कोंब. बियरच्या बाटल्या नऊ. गुटख्याच्या पुड्या मोजायला घेतल्या आणि चाळिसावर सोडून दिल्या. लहान मुलाचं फुगलेलं डायपर एक. प्लास्टिकची डावी चप्पल एक. मेलेली घूस एक. शेपटीला धरून उचलली तेव्हा शेपटीचं कातडं सुटून तिच्या हातात आलं. बाकी गाळ. एकवीस डबे काळा गाळ, कुजलेल्या अंड्यासारखा वास मारणारा.

पुष्पचक्रांवरच्या सॅटिनच्या पट्ट्या मात्र शाबूत होत्या. तिने एक पट्टी दोन बोटांत धरून निपटली. बुळबुळीत काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि खालून सोनेरी अक्षरं वर आली. भावपूर्ण श्रद्धांजली. कै. सत्यवान मणचेकर. मच्छीमार सहकारी सोसायटी.

ती पट्टी धरून तशीच उभी राहिली. सत्यवान मणचेकर, गावाचा नेव्ही, तिचा बाप.

"दत्तारामकाका," तिने विचारलं, "ह्ये बाबांचे हार बावीत कसे इले?"

दत्ताराम दोर गुंडाळत होता. बर्फाच्या कारखान्यात बापाबरोबर वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस. पूर्वी बर्फाची अख्खी लादी एकटा आकड्याने ओढायचा. आता गुंडाळलेला दोर उचलायलाही त्याला दोन दम लागत होते.

"मिया घातलंय," तो म्हणाला. काही चुकलं असं त्याच्या तोंडावर नव्हतं. "मगे काय करतलंय? पयलो हार दर्यात सोडललंय. दुसऱ्या दिसा दर्यान परत आणून टाकल्यान. थंय ते टुरिस्ट तेका पायान तुडवीत फोटो काढी होते. नेव्हीचो हार पायाखाली? माका बघवाक नाय. ही बाव तेचीच. म्हटलां, हयच सुखान रवांदे. तेव्हापासून फोटोवरचो हार सुकलो काय हंय आणून सोडतंय."

टेम्पोच्या पायरीवर बसलेला युसूफ तोंड फिरवून थुंकला. मासळी घेऊन मिठबावपासून पार गोव्यापर्यंत जाणारा व्यापारी, बापाचा जुना दोस्त. आज बर्फ बंद म्हणून गाडी रिकामी लावून तो दोर ओढायला आला होता.

"दत्ताराम, मेल्या," तो म्हणाला, "नेव्ही जितो असताना तुया तेका जितको त्रास देवक नाय, तितको तो मेल्यावर दिलंस."

 कठड्यावरचा पाण्याचा डबा उचलून दत्ताराम घाईघाईने सुरूच्या झाडांमागे गेला.

"सकाळधरना तिसरी खेप," युसूफ म्हणाला. "पॉट धरूक नाय तेचां. महिनो झालो. डॉक्टरकडे चल म्हटलां तर म्हणता, उनाची बाधा."

समीक्षाने पट्टी इतर वस्तूंशेजारी ठेवली आणि हात राखेने घासले. वास गेला नाही. तिने पुन्हा घासले.

सत्यवान मणचेकराला गावात कोणी सत्यवान म्हणत नसे. नौदलात पंधरा वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढून तो गावी आला, तेव्हापासून तो नेव्ही. इंजिनाच्या आवाजाने डावा कान गेलेला, उजव्या हातावर वाफेने भाजल्याचा गुळगुळीत गुलाबी डाग. बर्फाच्या कारखान्यात तो इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी घालून यायचा आणि अमोनियाचा पंप कानाने ऐकता येत नाही म्हणून त्यावर तळहात ठेवून तपासायचा. जहाजावर त्याच्याकडे गोड्या पाण्याच्या टाकीचीही जबाबदारी होती. एकदा त्या टाकीत खराब पाणी मिसळलं आणि निम्मं जहाज ओकाऱ्या-जुलाबांनी आडवं झालं. त्या लोकांची घाण त्याने चार दिवस बादल्यांनी काढली. हे तो जेवताना सांगायचा आणि मथुरा, त्याची बायको, ओरडायची, "शिरा पडली त्या जहाजार! घास तरी गिळूक दी!"

तेव्हापासूनचा त्याचा नेम. रोज सकाळी विहिरीतून एक तांब्या काढायचा, सगळ्यांसमोर एक पेला पाणी प्यायचं आणि मग कारखान्याच्या दारावरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. खाली तारीख. आजचे पाणी : चांगले. ज्या दिवशी पाणी गढूळ किंवा मचूळ वाटे, त्या दिवशी तो 'वाईट' लिहायचा आणि बर्फाचे डबे भरायचे नाहीत. होड्या खोळंबायच्या, शिव्या पडायच्या. डावा कान पुढे करून तो त्या ऐकून घ्यायचा.

मे महिन्यात पाणी तळाला गेलं की तो स्वतः विहिरीत उतरून ती उपसायचा. समीक्षा कुडाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिने उपसलेल्या विहिरीचं पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून आणलं होतं. कोलिफॉर्म, म्हणजे मैल्याचे जिवाणू, शून्य. तिने कागद दाखवला तेव्हा बापाने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"म्हणजे मी बरोबर लिवतंय?"

"होय."

"मगे तुझ्या कॉलेजची फी फुकट गेली," तो म्हणाला आणि हसत सुटला.

गेल्या थंडीत, पहाटे, फळ्यावर लिहून झाल्यावर खडू खिशात ठेवताना तो बसला आणि उठला नाही. फळ्यावरची ती ओळ कोणी पुसली नाही. सोसायटीचा चेअरमन बाळाशेठ याने तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चिकटपट्टीने चिकटवलं. पाणी लागून ओळ जाऊ नये म्हणून. आता येत्या शनिवारी कारखान्याला 'कै. सत्यवान मणचेकर हिमगृह' असं नाव द्यायचं ठरलं होतं आणि फळा काचेच्या चौकटीत कायमचा बंद करायचा होता. घरच्यांची परवानगी मागायला बाळाशेठ आला तेव्हा समीक्षाने एकच गोष्ट मागितली. काच लावण्याआधी विहीर उपसू द्या, बाबा दरवर्षी उपसायचे तशी.

"उपसा की. तुमचीच बाव," बाळाशेठ म्हणाला होता.

उतरायला मात्र कोणी मिळालं नाही. म्हणून ती स्वतः उतरली. नळावर जमलेल्या बायका म्हणाल्या, मणचेकराचं शिकलेलं चेडू चड्डी घालून विहिरीत उतरलं. ते तिने ऐकलं होतं.

दुपारी ती पुन्हा खाली गेली, भिंती घासायला. तळाशी गुडघाभर गाळपाणी राहिलं होतं. काथ्याचा ब्रश फिरवला की चिऱ्यांवरचं हिरवं शेवाळ गोळे होऊन गळत होतं आणि खालून मूळचा तांबडा दगड दिसत होता. दक्षिणेची भिंत झाली, पूर्वेची झाली. उत्तरेकडे ब्रश लावला आणि तो घसरला.

डोक्याच्या उंचीवर दोन चिऱ्यांच्या सांध्यातून काहीतरी झिरपत होतं. वीतभर रुंदीचा, काळा चकचकीत पट्टा खाली तळापर्यंत आला होता. तिने घासला. दगड उघडा पडला आणि तिच्या देखत सांध्यातून पुन्हा दाट पाणी फुटलं, थेंब धरून लोंबलं, आणि ओघळलं. तिने बोट लावून नाकाशी नेलं.

मैल्याचा वास. ती भिंतीला टेकून ओकली, जेवण नव्हतं म्हणून नुसतं पिवळं पाणी. घाम डोळ्यांत गेला तरी ते बोट तिने अंगापासून लांब धरून ठेवलं होतं.

"काय झालां गो?" वरून युसूफचा आवाज आला.

"उत्तरेक काय आसा, चाचा?"

युसूफचं डोकं कठड्यावरून दिसेनासं झालं, मग परत आलं.

"बाळाशेठच्या खोल्यो," युसूफ म्हणाला. "टुरिस्टांच्यो. आणि मागल्या बाजूक तेंचो संडासाचो खड्डो."

वर आल्यावर तिने दोर घेऊन खड्ड्याच्या झाकणापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत मापलं. बावीस फूट. झाकणाच्या कडेने माश्या घोंगावत होत्या. वरच्या खोलीच्या गॅलरीत कोणाचे तरी ओले टॉवेल वाळत होते आणि एक बाई फोनवर सांगत होती की इथली हवा किती शुद्ध आहे.

दत्ताराम दोराचं दुसरं टोक धरून उभा होता. "नेव्हीन पण मापललां," तो हळू आवाजात म्हणाला. "गेल्या मे म्हयन्यात. खड्डो खणताना. ह्याच दोरान."

समीक्षाने दोर त्याच्या हातातून घेतला आणि गुंडाळून ठेवला.

विहिरीत रातोरात नवं पाणी आलं. बुधवारच्या पहाटे, त्यात बादली पडण्याआधी, तिने निर्जंतुक बाटलीत नमुना घेतला. कारखान्याचा बर्फ वापरायचा नव्हता. घरच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या पिशव्यांत बाटली दाबून ती स्कूटरवरून कुडाळला गेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिची मैत्रीण रश्मी काम करत होती. रश्मीने बाटलीवर तारीख घातली आणि नाकाला पदर लावला.

"झाकण लावलेलं असून वास येतोय?"

"माझ्या हातांचा आहे," समीक्षा म्हणाली. "कधी मिळेल?"

"शनिवारी. खात्रीची चाचणी धरून."

परत येताना ती बाळाशेठकडे गेली. त्याच्या खोल्यांसमोरच्या मांडवात पुण्याची दोन कुटुंबं जेवत होती. सुरमईचा वास, सोलकढीचे पेले, मधोमध पाण्याच्या स्टीलच्या जगात बर्फाचे खडे तरंगताना दिसत होते. बाळाशेठ गल्ल्यामागे बसला होता. त्याने तिला बस म्हटलं नाही. आधी एका पाहुण्याला किल्ला बघायची वेळ सांगितली, मग पोऱ्याला कांदा आणायला पिटाळलं, मग तिच्याकडे बघितलं. एरवी तो तिच्याशी मालवणीत बोलायचा. आज साहेबांशी बोलतात तशी मराठी काढली.

"बोल, समीक्षा. विहीर छान झाली म्हणे. हार पडले होते ते निघाले. विषय मिटला."

"हारांनी पाण्यात मैला येत नाही. उत्तरेच्या भिंतीतून झिरपतंय. तुमच्या खड्ड्यातून."

"हळू बोल. लोक जेवतायत."

"तेच पाणी बर्फात जातं. तेच त्या जगात आहे."

बाळाशेठने जगाकडे बघितलंसुद्धा नाही. "बर्फ मासळीला लागतो. माणसाला नाही."

"ते माणसंच पितायत."

त्याने गल्ला ढकलून बंद केला. मग आवाजात मध आला. "हे बघ. तू शिकलीस, आम्हांला अभिमान आहे. सोसायटीला पाणी तपासणारं माणूस लागेलच. ते काम तुलाच देऊ. पण शनिवार होऊ दे. आमदारांचे लोक येणार आहेत. तुझ्या वडलांचं नाव लागणार आहे."

"खड्डा हलवा. मग लावा."

"आणि खोल्या बंद करू, भर सीझनमध्ये?" आता तो हसला. "तुझ्या वडलांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, पाणी चांगलं. अख्खा गाव रोज वाचतो. बापापेक्षा तुला जास्त कळतं?"

शेजारच्या टेबलावरच्या लहान मुलीने जगातला बर्फाचा खडा बोटांनी काढून तोंडात टाकला आणि कुडुम कुडुम चावला. समीक्षाला त्या सांध्यातला लोंबणारा थेंब आठवला. ती बाहेर येऊन माडाला टेकली आणि पुन्हा ओकली.

मथुरा संध्याकाळी अंगणात कोकमाचे रतांबे फोडत बसली होती. बोटं, नखं, मनगटं लाल. बिया एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. समीक्षा तिच्यासमोर बसली आणि न विचारता फोडायला लागली. बराच वेळ नुसता चिकट आवाज.

"आये, गेल्या वर्साच्या मिटिंगीत काय झाललां?"

"काय होतलां? तेनी उठून सांगल्यान, खड्डो बावीस फुटार आसा, पाणी नासतलां, लांब घेवा. बाळाशेठ म्हणालो, कोणाक कोणाक पटता, हात वर करा." मथुराने एक रतांबा पिळला. "एकाचो हात वर जावक नाय. बर्फ उधारीर घेतत ना सगळे. घराक येवन तो जेवलो नाय. माका म्हणता, मथुरा, जहाजार घाण झाली तेव्हा लोक निदान ओकत तरी होते."

"दत्तारामकाकांनी?"

"तेची नोकरी बाळाशेठच्या हातात. तो खाली मान घालून बसललो."

समीक्षाने हातातलं साल खाली ठेवलं. "शनिवारी रिपोट येतलो. वायट इलो तर फळ्यावरचां पुसूक व्हया."

मथुराचे हात थांबले नाहीत. एक रतांबा फोडला, दुसरा, तिसरा.

"मी रोज थंय जातंय," शेवटी ती म्हणाली. "बर्फ बघूक न्हय. तो 'च' बघ कसो लिवता. पोटात गाठ मारल्यासारखो. कागदावर तेनी आमका कायएक लिवक नाय. पत्रां पण जहाजारच्या सोबत्याकडून लिवन धाडायचो. अक्षर वायट म्हणून लाज. तितक्याच एक रवलां."

 दोघींनी टोपली संपवली. हात धुतले तेव्हा कोकमाचा लाल रंग दोघींच्याही नखांत राहिला, आणि समीक्षाला त्या आंबट वासाखाली अजून तो दुसरा वास येत होता.

शनिवारी कारखान्यासमोर मांडव पडला. खुर्च्या, माईक, नेव्हीचा मोठा केलेला फोटो, त्याला नवा हार. दारावरच्या फळ्यापुढे निळा पडदा. फळ्याची नवी चौकट उघडी होती, काच बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली, प्लास्टिक काढलेलं. युसूफ मागच्या रांगेत बसला होता. पिंपात गुलाबी सरबत होतं आणि त्यात कारखान्यातल्याच बर्फाच्या लाद्या फोडून टाकल्या होत्या. बर्फ विरघळत होता तसं पिंपाच्या कडेला पिवळसर फेस जमत होता. पोरं पेले भरून रांगांमध्ये फिरत होती.

रश्मीचा फोन आला तेव्हा समीक्षा पिंपाजवळ उभी होती. तिने आकडा दोनदा विचारून घेतला.

भाषणं झाली. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, नेव्ही म्हणजे शिस्त. ग्रामपंचायतीतला कोणी म्हणाला, देशासाठी लढलेला वीर. बाप कधी लढला नव्हता. इंजिनाला तेल घालत होता आणि ते सांगायलाही त्याला कमीपणा वाटत नसे. मग बाळाशेठ उभा राहिला. पुढ्यात सीलबंद पाण्याची बाटली. तिचं सील त्याने कट् करून मोडलं, दोन घोट घेतले आणि माईकजवळ तोंड नेलं.

"नेव्ही पाण्यासारखा माणूस. निर्मळ. बावीस वर्षांत सोसायटीच्या कुठल्याही निर्णयाला त्याने विरोध केला नाही. कोणाशी वाकडा शब्द नाही. अशी माणसं आता होत नाहीत."

टाळ्या वाजल्या. मथुरा पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती.  

"आणि त्याची प्रथा आपण मोडू दिलेली नाही," बाळाशेठ पुढे म्हणाला. "तो रोज पहिला पेला प्यायचा. त्याच्यामागे त्याचा सहकारी दत्ताराम आजवर रोज पितो. ये दत्ताराम, वर ये."

समीक्षाने दत्तारामकडे बघितलं. तो विहिरीचा तांब्या आणि पेला घेऊन निघाला होता. धुतलेला सदरा खांद्यावर हँगरला लावल्यासारखा लोंबत होता, गालांच्या खोबण्या झाल्या होत्या. महिनाभर सुरूच्या झाडांमागे जाणारा माणूस.

"काका, तुमी रोज पितास?" ती त्याच्यापुढे आली.

"कोणीतरी पिवक व्हया ना गो," तो म्हणाला. "नेव्ही नाय, तर कोणी पिवचां? न पिता फळ्यावर 'चांगले' कसां ठेवचां?"

"पिव नको."

"चेडवा, सरक. लोक बघतत."

त्याने पेला भरला. मथुरा उठली. तिने दत्तारामच्या हातातून तो पेला काढून घेतला, सोपेपणाने, लहान मुलाच्या हातातून घेतात तसा. पेला घेऊन ती माईकपाशी गेली आणि बाळाशेठसमोर धरला.

"आज तुमी पिया," ती म्हणाली. माईक चालू होता.

बाळाशेठ हसला. "वैनी, मी आत्ताच पाणी..."

"तां बाटलीतला. ह्यां बावीचां. वर लिवलां हा ना, चांगले. पिया."

मांडवात खुर्च्या कुरकुरल्या. कोणीतरी हातातला सरबताचा पेला खाली ठेवला. बाळाशेठने पेला हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. तिथे तो थांबला, आणि त्याच्या नाकपुड्या आखडलेल्या पुढच्या तीन रांगांनी बघितल्या. त्याने पेला टेबलावर ठेवला, बाटलीच्या शेजारी.

"मला डॉक्टरने बाहेरचं पाणी बंद केलंय," तो म्हणाला.

"भायलां कसां?" मागून युसूफचा आवाज आला. "तुमच्याच परसातलां आसा, शेठ. खड्ड्याच्या बाजूचां."

कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मग एक बाई उठली आणि तिने आपल्या पोराच्या हातातला पेला हिसकून मांडवाबाहेर ओतला. गुलाबी पाणी वाळूत जिरलं, बर्फाचे खडे वर राहिले. दुसरी उठली. दत्ताराम मात्र तांब्या धरून तिथेच उभा होता, आणि बाळाशेठच्या पेल्याकडे बघत होता.  तो तसाच, कोणाकडे न बघता, तोंडावर हात दाबून सुरूच्या झाडांकडे चालू लागला. युसूफ उठून त्याच्या मागे गेला.

मथुराने टेबलावरचा पेला उचलला. फळ्यापाशी जाऊन तिने निळा पडदा हाताने बाजूला केला. दोरी ओढायची होती, ती ओढली नाही.

"आये," समीक्षा तिच्या मागे येऊन म्हणाली. "रिपोट इलो."

"म्हायत आसा. तुझ्या तोंडार लिवलां हा." मथुरा फळ्याकडे बघत होती. "थांब वायच. माका एकदा वाचूंदे."

तिने वाचलं. ओठ हलले. तिला वाचायला वेळ लागायचा. मग तिने पदराचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि बोटाभोवती गुंडाळलं. 'चांगले' हा एकच शब्द तिने पुसला, 'च'पासून, सावकाश, रतांब्याने लाल झालेल्या नखाने कडेचा खडूसुद्धा काढत. नंतर खालची तारीख. 'आजचे पाणी' आणि पुढची दोन टिंबं तिने ठेवली. त्यांना पदर लागू दिला नाही.

"अहो वैनी, हे काय..." बाळाशेठ माईक सोडून पुढे आला होता. वाट अडवायला कोणी उठलं नाही, पण वाट द्यायलाही कोणी सरकलं नाही. तो खुर्च्यांमध्ये अडकून राहिला.

मथुराने पदर झटकला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. मग कमरेची पिशवी उघडून तिने खडूचा एक तुकडा काढला. थंडीत, नवऱ्याच्या चड्डीच्या खिशातून तिने काढून ठेवलेला, अंगठ्याएवढा.

"लिव," ती म्हणाली.

पुसलेली जागा ओली होती. समीक्षा ती सुकेपर्यंत थांबली. ओल कडांकडून आत सरकत गेली, फळा राखाडी झाला. मग बापाच्या टिंबांपुढे तिने लिहिलं, मागच्या रांगेतून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, आणि खाली नमुना घेतल्याची तारीख घातली.

आजचे पाणी : १०० मिलिलिटरमध्ये मैल्याचे जिवाणू ९२०.